बेटावरची कॉन्फरन्स, घरच्यांसह : दिवाडी-चोडणला कुटुंबांचे दोन दिवस कसे आखावेत

रोटरी-लायन्ससारख्या सेवा क्लबांच्या डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्सला सभासद येतो तो हॉलमधल्या कामासाठी. डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांचे भाषण, प्लेनरी म्हणजे सर्वांची एकत्र सभा, पुरस्कार, पुढच्या वर्षाच्या टीमची ओळख आणि जुन्या दोस्तांच्या गाठीभेटी यात त्याचे दोन दिवस भरून जातात. त्याच्याबरोबर आलेली बायको किंवा नवरा, मुले आणि कधी कधी आई-वडील यांनीही नोंदणीचे पैसे भरलेले असतात. त्यांच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी खरेदीसाठी एक बस, मेंदीचा एक कोपरा आणि मुलांसाठी एक जादूगार एवढेच येते. एखाद्या शहरातल्या हॉटेलात हे कसेबसे खपते. कॉन्फरन्स गोव्यातल्या मांडवी नदीच्या बेटावर ठेवली असेल तर ते खपवून घेऊ नये, असे मी यजमान क्लबच्या प्रत्येक बैठकीत सांगतो. इथे करमणूक बाहेरून आणावी लागत नाही. नदी, खाजण म्हणजे खाडीकाठची शेती, फेरीबोट, घुमट हे मातीचे वाद्य आणि देवळे-चर्चे सगळे हाताशी आहे. आपल्याला फक्त वेळ नीट लावायची आहे, आणि ती वेळ हॉलमधल्या घड्याळापेक्षा भरती-ओहोटी ठरवते.

हा लेख दिवाडी आणि चोडण ही दोन बेटे धरून लिहिला आहे. रोटरी असो, लायन्स असो की दुसरा कुठला सेवा क्लब, आखणीत फार फरक पडत नाही. गोवा, कोल्हापूर, बेळगाव हा भाग रोटरीच्या ३१७० या एकाच डिस्ट्रिक्टमध्ये येतो. त्यामुळे गोव्यातल्या कॉन्फरन्सला येणाऱ्या कितीतरी घरांत मराठीच बोलली जाते. कार्यक्रम आखताना हे लक्षात ठेवले की अर्धे काम सोपे होते.

पहिले काम : घरात कोण कोण आहे ते विचारा

नोंदणीच्या फॉर्मवर नुसते "ॲन" (जोडीदार) आणि "ॲनेट" (मुले) असे रकाने ठेवून भागत नाही. त्यातून डोकी कळतात, माणसे कळत नाहीत. किमान तीन महिने आधी प्रत्येक कुटुंबाकडून एवढे लिहून घ्या : मुलांची वये, बरोबर येणाऱ्या ज्येष्ठांना किती चालता येते, कुणाला होडीची किंवा पाण्याची भीती आहे का, खाण्याचे पथ्य आणि रोजची औषधे. शिवाय एक प्रश्न असा विचारा, जो सहसा कुणी विचारत नाही : "तुम्हाला काय येते?" गाणे, पेटी, तबला, फुगडी, चित्रकला, पक्ष्यांची ओळख, काहीही. शनिवारच्या रात्रीचा निम्मा कार्यक्रम या उत्तरांतून उभा राहतो.

मुलांचे तीन गट करा : चार ते सात, आठ ते बारा आणि तेरा ते सतरा. चारपेक्षा लहान मुले आईबापांबरोबरच राहतील. तेरा-सतराच्या गटाला "मुले" म्हणून वागवले की ती मोबाईल घेऊन खोलीत बसतात. त्यांना काम द्या. तुमच्या डिस्ट्रिक्टमधली इंटरॅक्ट किंवा लिओ या रोटरी-लायन्सच्या युवा क्लबांची मुले असतील तर त्यांनाच या गटाचे पुढारीपण सोपवा.

दोन्ही जोडीदार सभासद आहेत अशी घरे आता बरीच असतात. त्यांची मुले प्लेनरीच्या वेळी कुठे असतील, हा प्रश्न "बायका बघतील" असे म्हणून सुटत नाही. म्हणून मुलांचा कार्यक्रम आणि जोडीदारांचा कार्यक्रम वेगळा ठेवा. जोडीदाराला मुलांपासून तीन तास मोकळे मिळाले, तरच तो दिवस त्याचाही होतो.

दुसरे काम : तारीख पंचांगात पाहा

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हा झाला अंदाज. पक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. नदीतून वर दिवाडीपर्यंत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा धरून चाला. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी गावातल्या होडीवाल्याला विचारा. त्याचे उत्तर तक्त्याइतकेच मोलाचे असते.

याचा उपयोग काय? समजा कॉन्फरन्सचा शनिवार दशमी-एकादशीला आला. सकाळी साडेसात ते सव्वाआठला भरती म्हणजे खारफुटीच्या आतल्या खाड्यांत होड्या सहज शिरतील. तेव्हा सकाळ होडीची ठेवा. शनिवार पंचमीला आला तर सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी असेल. तेव्हा होडी आत नेलीत तर ती चिखलात रुतेल, पण चिखलावर उतरलेले पक्षी आणि खेकडे बघायला तीच उत्तम वेळ. मग सकाळी पायी फेरफटका आणि होडी दुपारी उशिरा, उन्हे कलल्यावर. तारीख तुमच्या हातात नसेल तर कार्यक्रमाचा क्रम फिरवा. छापलेल्या वेळापत्रकासाठी पाणी थांबत नाही.

एकादशी निवडलीत तर आणखी एक गोष्ट सांभाळा. ज्येष्ठांपैकी बऱ्याच जणांचा उपास असतो. साबुदाण्याची खिचडी, वरी, शहाळे यांची सोय आधी करा, म्हणजे कुणाला आयत्या वेळी मागावे लागणार नाही.

महिने म्हणाल तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नाताळाआधीपर्यंत, किंवा जानेवारी-फेब्रुवारी. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे, म्हणजे सणाचे, नोव्हेन (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत दिवाडीच्या घाटावर जाणारा रस्ता माणसांनी भरलेला असतो. नाताळ ते नववर्ष आणि कार्निव्हालचे चार दिवस खोल्यांचे दर आणि रस्ते दोन्ही आवाक्याबाहेर जातात. जानेवारीत सकाळी नदीवर धुके असते, खाजणात हिवाळी पाहुणे पक्षी उतरलेले असतात आणि संध्याकाळी स्वेटर नसला तरी चालतो. माझ्या मते यापेक्षा चांगला काळ नाही.

तिसरे काम : फेरीशी जुळवून घ्या

दिवाडीला जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वेहून फेरीबोट जाते. चोडणला रायबंदरहून फेरी आहे आणि मयेच्या बाजूने रस्ताही आहे. पाण्यातला प्रवास काही मिनिटांचाच, पण एका फेरीत मावतील तेवढ्याच गाड्या जातात. चाळीस गाड्या एकदम घाटावर आल्या तर तुमचे पाहुणे तर अडकतातच, शिवाय बेटावरून कामाला, बाजाराला, दवाखान्यात निघालेली माणसेही अडकतात. यजमान क्लबचे नाव गावात राहते की जाते, ते इथे ठरते.

म्हणून मोठ्या बस मुख्य भूमीवरच ठेवा. जुन्या गोव्याला पाहुणे उतरतील, सामान दोन टेम्पोंतून आधीच पलीकडे गेलेले असेल आणि माणसे पायी फेरीत चढतील. पलीकडच्या घाटावर मिनीबस किंवा गावातल्याच रिक्षा-टॅक्सी ठरवून ठेवा. आगमनाचे गट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने पाडा आणि प्रत्येक क्लबला त्याची वेळ आधी कळवा. सकाळी कामावर जाण्याच्या आणि संध्याकाळी परतण्याच्या वेळा पूर्ण टाळा. नदी परिवहन खात्याला आणि दोन्ही घाटांवरच्या कर्मचाऱ्यांना आधी पत्र द्या, जाऊन भेटाही.

ज्येष्ठांसाठी एक खास सूचना. फेरीचा रॅम्प उताराचा असतो आणि ओहोटीला त्याचा खालचा भाग शेवाळाने निसरडा होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून चालवू नका. अशा पाहुण्यांसाठी दोन-तीन लहान गाड्या राखून ठेवा आणि त्यांना गाडीतूनच फेरीत चढवा-उतरवा.

शेवटच्या फेरीची वेळ घाटावर विचारून घ्या आणि ती प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याच्या मागे मोठ्या अक्षरात छापा.

शुक्रवार संध्याकाळ : दमवू नका

कोल्हापूर-बेळगावहून घाट उतरून आलेली मुले दमलेली असतात. शुक्रवारी काही भव्य ठेवू नये. जे लवकर पोचतील त्यांना फेरीआधी जुन्या गोव्यात तासभर फिरवता येईल. बॉम जेझूस, से कॅथेड्रल आणि घाटाकडे जाताना लागणारी व्हाइसरॉयची कमान एकाच फेरफटक्यात होतात. जुन्या गोव्याच्या या चर्चांना १९८६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद असते, ते शुक्रवारच्या यादीत घालू नका. चर्चमध्ये शिरण्याआधी कपड्यांचे आणि आवाजाचे भान मुलांना बसमध्येच सांगा.

बेटावर पोचल्यावर गरम चहा आणि पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, ताजे उंडे किंवा पोई हे गोव्याचे पाव, सोबत भाजी. स्थानिक बेकरीला आदल्या दिवशी सांगून ठेवले तर तो सायकलवरून पाव घेऊन आवारात येतो आणि भोंगा वाजवतो. शहरातल्या मुलांना हा स्वागत समारंभ गव्हर्नरांच्या स्वागतापेक्षा जास्त आवडतो.

जेवणानंतर सगळ्या कुटुंबांना एकत्र बसवून पंधरा मिनिटांत उद्याची ओळख करून द्या : कुठला गट कुणाबरोबर, काय घालायचे, पाण्याबद्दलचे नियम काय. मग झोप.

शनिवार सकाळ : खारफुटी आणि खाजण

दोन दिवसांतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणून इथे घाई करू नका.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले. क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळे खारफुटीचे. वनखात्याचे तिकीट घेऊन पायवाटेने आत जाता येते आणि पुढे निरीक्षण मनोराही आहे. मोठा गट एकदम नेलात तर पक्षी उडून जातील आणि मुलांना फक्त एकमेकांच्या पाठी दिसतील. बारा-पंधरा जणांच्या तुकड्या करा. प्रत्येक तुकडीबरोबर पक्षी ओळखणारे एक माणूस, दुर्बिणी दोन-तीन. सूर्योदय जानेवारीत सातच्या सुमारास होतो, तेव्हा पहिली तुकडी पावणेसातला निघालेली असावी. कपडे मळखाऊ रंगांचे, क्लबचे पिवळे-निळे टी-शर्ट संध्याकाळसाठी ठेवा.

काय दिसते? खंड्याचे दोन-तीन प्रकार, ढोकरी, बगळे, पंख वाळवत बसलेले पाणकावळे, वर घिरट्या घालणारी तांबडी घार. दिवाडीच्या खाजणात पाणी असेल तर शेकाटे आणि अडई बदके. ओहोटीला चिखलावर निवट्या सरपटताना दिसतात. हा मासा हवेतही तग धरतो आणि परांच्या आधाराने चिखलावरून चालतो. एक नांगी भलीमोठी आणि दुसरी बारीक असे खेकडे बिळाबाहेर येऊन ती मोठी नांगी हलवत असतात. लहान मुलांना लांबचा गरुड दाखवण्यापेक्षा हे पायाजवळचे जग दाखवा. पाच वर्षांचे मूल दुर्बिणीतून बघू शकत नाही, पण खेकडा अर्धा तास न्याहाळू शकते.

झाडांचीही ओळख करून द्या. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर येतात आणि त्यांतून झाड श्वास घेते. म्हणूनच त्यांवर पाय द्यायचा नाही. गेवा नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते आणि कातडीवर फोड येतात. मुलांना पहिला नियम हाच सांगा : पान तोडायचे नाही.

इथून पुढे खाजण. गोव्याच्या खाडीकाठच्या शेतीची ही रचना शेकडो वर्षे जुनी आहे आणि गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक व्यवस्थेने, ती सांभाळली. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात. बांधात जागोजागी मानस असते. मानस म्हणजे लाकडी दारांची पाणसांडणी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि जादा पाणी नदीत जाते. वीज नाही, मोटर नाही. पावसात जमिनीतले मीठ धुऊन गेले की कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पेरतात. मानशीजवळच्या पाण्यात मासळी धरतात.

हे सांगायला गावातलाच शेतकरी बोलवा, मानधन द्या आणि बांधावर उभे राहून त्यालाच बोलू द्या. आठ-बारा वर्षांच्या गटाला आधी कोडे घाला : "दार कोण उघडते?" मग ओहोटी लागण्याच्या वेळी त्यांना मानशीपाशी न्या. दारे हलताना आणि पाणी उलट वाहायला लागताना पाहिले की उत्तर सांगावे लागत नाही. ही वेळ साधता यावी म्हणूनच पंचांगाचा खटाटोप. मात्र मानशीच्या तोंडाशी प्रवाह जोरदार असतो. मुले बांधाच्या आतल्या बाजूला, दोन मोठी माणसे काठाच्या बाजूला, असेच उभे राहा.

तेरा-सतराच्या गटाला पक्ष्यांची यादी करायला द्या. ई-बर्ड हे मोफत ॲप फोनवर आधी उतरवून घ्यायला सांगा. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट चालतो. कॉन्फरन्स त्या दिवसांत आली तर मुलांची यादी थेट त्या मोजणीत जमा होते. सेवा क्लबच्या मुलांना सेवेची ओळख व्हायला याहून चांगली वाट मला माहीत नाही.

होडीबद्दल थोडके पण निक्षून : प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही, मापाचे लाइफ जॅकेट. लहान मुलांच्या मापाची जॅकेटे होडीवाल्याकडे कमी असतात, ती संख्या आधी कळवा. नदीत कुणीही पाय सोडायचे नाहीत. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरींची वस्ती आहे, चिखलात पाय रुततो आणि ओहोटीची ओढ वरून दिसत नाही. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतात, इथे नसतात. पोहायचेच असेल तर मुक्कामाच्या ठिकाणचा तलाव आहे.

दुपार : सावली

अकरा ते चार बाहेरचा कार्यक्रम ठेवू नका. जेवण, झोप आणि सावलीतले हातकाम.

बऱ्याच मराठी घरांत शनिवारी मासे-मटण चालत नाही. म्हणून शनिवारचे जेवण गोव्याच्या शाकाहाराचे ठेवा आणि ते मनापासून करा : खतखते, मुगागाठी, अळसांद्याचे तोणाक, सोलकढी, शेवटी मणगणे. बाहेरच्या पाहुण्यांना गोवा म्हणजे फक्त मासे वाटतात. देवळांच्या गावांतला हा स्वयंपाक त्यांनी चाखलेला नसतो. मासळीचे ताट रविवारी दुपारी.

हातकामासाठी दोन गोष्टी सुचवतो. मोठ्यांसाठी कावी : चुन्याचा गिलावा आणि तांबडी माती यांच्या थरांत रेषा कोरून काढायची ही कला गोव्याच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर आहे. लहान फरशीवर ती दोन तासांत शिकता येते, फक्त शिकवणारा कलाकार आधी ठरवायला हवा. मुलांसाठी बोंदेराचे बावटे. दिवाडीवर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा होतो. पोर्तुगीज काळात वाड्यांच्या हद्दीवर बावटे लावायचे आणि विरोधी वाड्याची माणसे ते पाडायची, त्या भांडणांची आठवण म्हणून आता वाड्या-वाड्यांची रंगीत मिरवणूक निघते. मुलांना गटागटाने आपल्या क्लबचा, आपल्या गावाचा बावटा कागद-कापडातून करायला द्या. संध्याकाळी त्याच बावट्यांची मिरवणूक काढायची आहे. बोंदेऱ्यात बांबूच्या फोटाशीतून फळे मारण्याचा खेळही असतो, तो मात्र लहानांच्या हाती देऊ नका.

शनिवार रात्र : रंगमंच

करमणुकीचा खर्च बहुतेक क्लब एका ऑर्केस्ट्रावर किंवा डीजेवर उडवतात. हॉलमध्ये दिवसभर भाषणे ऐकलेल्या सभासदांना मोठ्या आवाजाची आणखी शिक्षा कशाला? आणि गोव्यात, जिथे गावागावात नाटक आणि भजन चालते, तिथे बाहेरून आवाज आणणे मला पटत नाही.

वेळ आधी बांधा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, आणि बेटावरच्या शांततेत तर आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो. सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. सव्वासहाला मुलांची बावट्यांची मिरवणूक, सातला पडदा वर, साडेनऊला समाप्ती. जेवण मध्येच न ठेवता मुलांचे साडेसहालाच उरकून घ्या. मुले भुकेली असली की आया रंगमंचाकडे पाहत नाहीत.

सुरुवात घुमटाने करा. मातीच्या मडक्यासारखे हे वाद्य, एका तोंडावर चामडे, दुसऱ्या तोंडावर तळहात. गोवा सरकारने २०१९ साली त्याला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी घोरपडीचे चामडे वापरत, आता घोरपड कायद्याने संरक्षित असल्याने बकऱ्याचे वापरतात. वादकांशी बोलताना याची खातरी करून घ्या. घुमट, शामेळ आणि कांसाळे असा आरतीचा ताफा आला की पहिल्या पाच मिनिटांत मागच्या रांगेतली कुजबुज थांबते. एक-दोन घुमटे वेगळी आणायला सांगा, कार्यक्रमानंतर मुलांना हात लावून बघू द्या.

नंतर गावातल्या बायकांची फुगडी. गोव्यात फुगडीची मंडळे जागोजागी आहेत. त्यांना बोलावताना फक्त "डान्स आयटम" म्हणून दहा मिनिटे देऊ नका. त्यांनी दोन फुगड्या दाखवाव्यात आणि तिसरीत पाहुण्यांना ओढावे. कोल्हापूरच्या बायकांनाही फुगडी येते. दोन्हींकडचे हात जुळले की सूत्रसंचालकाची गरज उरत नाही. गोफही असाच बघण्यासारखा : छताला टांगलेल्या रंगीत दोऱ्या नाचता नाचता विणायच्या आणि उलट नाचून सोडवायच्या. मुले ते डोळे विस्फारून बघतात.

मध्यभागी सभासदांच्या घरचा कार्यक्रम. नोंदणीच्या फॉर्मवर "पेटी येते", "नाट्यगीत गाते" असे लिहिलेल्यांना महिनाभर आधी फोन केलेला असेलच. प्रत्येकाला चार मिनिटे, आणि ती पाळायची, मग समोर माजी गव्हर्नर का असेनात. लहान मुलांना स्पर्धेत उतरवू नका. क्रमांक काढला की एका मुलाचे हसू आणि दहा मुलांचे रडू होते. सर्वांना मंचावर आणा, सर्वांना टाळ्या द्या.

शेवटचे पाऊण तास नाट्यसंगीताचे. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी दोघेही मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. मराठी संगीताचा एवढा मोठा वारसा या लहानशा प्रदेशातून आलेला आहे, आणि आजही गोव्यात उत्तम गाणारी तरुण मंडळी आहेत. एक गायक, पेटी, तबला आणि बैठक. ज्येष्ठांसाठी पुढे खुर्च्या, बाकीच्यांसाठी सतरंज्या. ज्या आजी-आजोबांसाठी दिवसभर काही खास नव्हते, त्यांची ही वेळ आहे. तेरा-सतराचा गट तेव्हा बाजूच्या अंगणात कॅम्पफायरभोवती गिटार घेऊन बसला तरी हरकत नाही, दोन मोठी माणसे तिथे असली की झाले.

मद्याचा काउंटर ठेवायचाच असेल तर तो मंचापासून आणि मुलांपासून दूर, आणि कार्यक्रम संपल्यावर.

तिन्हीसांजेला खारफुटीजवळ डास आणि बारीक चावऱ्या माश्या निघतात. प्रवेशद्वारावर ओडोमॉस ठेवा आणि मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला आदल्या रात्रीच सांगा.

रविवार सकाळ : नार्वे

रविवारच्या सकाळी दिवाडीच्या चर्चांत मिसा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, असतात. आवारातले स्पीकर बंद ठेवा आणि ज्यांना मिसेला जायचे आहे त्यांना वाहन द्या. टेकडीवरच्या पियेदादच्या चर्चजवळून मांडवी आणि खाजणांचा विस्तार दिसतो. मिसा संपल्यावर इतरांनाही तिथे नेता येईल.

बाकीच्या कुटुंबांनी सकाळी आठच्या सुमारास नार्वेच्या फेरीने पलीकडे जावे. सप्तकोटीश्वराचे देऊळ मूळचे दिवाडीवरचे. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्य दैवत. त्यांच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरलेला आहे. चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधव मंत्र्याने देवाची पुन्हा स्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले तेव्हा लिंग नदी ओलांडून नार्वेला नेले गेले आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख देवळावर आहे.

ही गोष्ट बसमध्ये माइकवर सांगू नका. फेरीत सांगा, कारण तुम्ही तीच नदी ओलांडत असता. गटाला विचारा : रात्री, लपतछपत, इथूनच कुठेतरी देव पलीकडे कसा नेला असेल? मुलांना एवढे पुरते. देवळात शांतपणे दर्शन, आवारात दीपस्तंभाजवळ थोडा वेळ, नारळपाणी, आणि साडेदहापर्यंत परत. चालू न शकणाऱ्यांसाठी घाटापासून देवळापर्यंत गाडी ठेवा.

चोडणवर मुक्काम असेल तर नार्वेऐवजी माशेलचे देवकीकृष्णाचे देऊळ बघा. ते दैवतही मूळचे चोडणचेच.

समारोपाच्या सत्राला कुटुंबांना आत बोलवा. तेरा-सतराच्या गटाने केलेली पक्ष्यांची यादी आणि फोटो पाच मिनिटे मोठ्या पडद्यावर दाखवा. सभासदांना त्या वेळी कळते की ते हॉलमध्ये असताना घरची माणसे कुठे होती.

सुरक्षितता, परवानग्या, पैसे

मुलांच्या मनगटावर गटाच्या रंगाची पट्टी आणि त्यावर पालकाचा फोन नंबर. आठ मुलांमागे दोन मोठी माणसे, कधीही एकटे एक नाही. मुलांना सोडताना आणि घेताना पालकाची सही. आवारात एक परिचारिका आणि एक गाडी चोवीस तास. रात्री कुणाला अचानक दवाखान्यात न्यावे लागले तर बेटावरून कसे निघायचे, हे घाटावरच्या कर्मचाऱ्यांशी बोलून लिहून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८, मोठे सरकारी रुग्णालय बांबोळीचे. डिस्ट्रिक्टमध्ये डॉक्टर सभासद भरपूर असतात, त्यांतल्या दोघांना रात्रीची पाळी लावून द्या.

दिवाडीवर दोन ग्रामपंचायती आहेत, सां मातियश आणि गोलती-नवेली. ज्या हद्दीत कार्यक्रम असेल तिथे आधी जाऊन भेटा. बांधावर किंवा मानशीवर गट न्यायचा तर शेतकऱ्यांची परवानगी वेगळी घ्या. तो रस्ता त्यांच्या कष्टाचा आहे.

पैशांबाबत माझा आग्रह एकच : कुटुंबांच्या कार्यक्रमाची रक्कम सुरुवातीलाच वेगळी काढा. मंचाच्या सजावटीतून उरेल ते, असे ठेवलेत तर काहीच उरत नाही. होडीवाले, वाटाडे, घुमट-फुगडीची मंडळे, पोदेर, स्वयंपाकाचे बचत गट यांना शक्य तितके पैसे बेटावरच्याच माणसांना जाऊ द्या आणि ते त्याच दिवशी द्या. क्लबचा चेक पास व्हायला महिना लागतो, होडीवाल्याला डिझेल उद्या लागते.

निघताना परतीच्या गटांच्या वेळाही अर्ध्या-अर्ध्या तासाने पाडा आणि ज्येष्ठांच्या गाड्या पहिल्या फेरीला लावा. यजमान क्लबच्या चार माणसांनी शेवटची फेरी जाईपर्यंत थांबून आवार आणि बांध झाडून घ्यावा आणि हरवलेल्या वस्तूंची यादी त्याच रात्री सर्व क्लबांना पाठवावी. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या बांधावर जास्त सापडतात, तिकडे आधी बघा.